गरोदरपण आणि गर्भाशयमुखाचा विषाणू

मानवी पॅपिलोमा विषाणू, ज्याला वैद्यकीय व्यवहारात एचपीव्ही असे संक्षेपाने म्हटले जाते, हा एकच एक विषाणू नसून दोनशेहून अधिक प्रकारांचे मोठे कुटुंब आहे. यांतील काही प्रकार हातापायांच्या त्वचेवर साध्या चामखिळी उठवतात, काही जननेंद्रियांवर मऊ, फुलकोबीसारखे दिसणारे कोंब निर्माण करतात, तर सुमारे चौदा प्रकार गर्भाशयमुखाच्या अस्तरात वर्षानुवर्षे टिकून राहिले तर तेथे कर्करोग निर्माण करू शकतात आणि म्हणून त्यांना अतिजोखमीचे प्रकार असे नाव आहे. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३ मध्ये सोळाव्या आणि १९८४ मध्ये अठराव्या क्रमांकाचा प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींत दाखवून दिला, आणि या शोधासाठी २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जगातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के कर्करोगांच्या मुळाशी हे दोनच प्रकार असतात.

भारतात २०२२ या एका वर्षात या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले असावेत आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या असाव्यात, असा जागतिक अंदाज आहे. हे आकडे समोर असताना एखाद्या गरोदर स्त्रीच्या गर्भाशयमुखात एचपीव्ही असल्याचे कळले तर तिच्या आणि घरच्यांच्या मनात भीतीचे काहूर उठणे स्वाभाविक असते. परंतु संसर्ग, पेशींतील बदल आणि कर्करोग या तीन वेगवेगळ्या अवस्था आहेत, आणि गरोदरपणात बहुतेक स्त्रियांसाठी योग्य उपाय हा देखरेखीखाली वाट पाहण्याचा असतो. ही वाट पाहणे केव्हा सुरक्षित असते, केव्हा नसते आणि प्रसूतीनंतर फेरतपासणी विस्मरणात जाऊ नये म्हणून काय करावे लागते, हे प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातील नेर किंवा नेर परसोपंत या तालुक्याच्या गावाचा आणि त्याच्या भोवतालच्या खेड्यांचा विचार करत समजून घेणे उपयुक्त ठरते, कारण महाराष्ट्रातील असंख्य तालुक्यांची परिस्थिती याहून फारशी वेगळी नाही.

गर्भाशयमुखात नेमके काय घडते

गर्भाशयाचा खालचा, योनीत उतरणारा अरुंद भाग म्हणजे गर्भाशयमुख. बोलीत याला पिशवीचे तोंड म्हणतात. याच्या बाहेरच्या बाजूवर चपट्या पेशींचे अनेक थरांचे, टणक अस्तर असते, तर आतल्या नळीत उंचट पेशींचा एकच नाजूक थर असतो, आणि ही दोन अस्तरे जेथे एकमेकांना मिळतात तेथे एका प्रकारच्या पेशींचे दुसऱ्या प्रकारात सतत रूपांतर होत राहते. या पट्ट्याला रूपांतर क्षेत्र म्हणतात. विषाणूला अस्तराच्या अगदी तळातील, विभाजित होणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचणे आवश्यक असते, आणि सूक्ष्म ओरखड्यांतून तो या क्षेत्रात सहज पोहोचतो. म्हणूनच गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुधा येथूनच सुरू होतो.

हा विषाणू रक्तात उतरत नाही, ताप आणत नाही, वेदनाही देत नाही, त्यामुळे शरीराच्या संरक्षक यंत्रणेला त्याची चाहूल उशिरा लागते. तरीही सुमारे ९० टक्के संसर्ग दोन वर्षांच्या आत आपोआप नाहीसे होतात किंवा चाचणीत सापडणार नाहीत इतके दबून जातात. जे अतिजोखमीचे संसर्ग टिकून राहतात, त्यांतील विषाणूची दोन प्रथिने पेशीच्या वाढीला आवर घालणारी दोन महत्त्वाची प्रथिने निकामी करतात. मग बिघडलेली पेशी थांबत नाही, मरत नाही आणि विभाजित होत राहते. अस्तराच्या मर्यादेतच राहिलेल्या या बिघाडाला कर्करोगपूर्व बदल म्हणतात आणि त्याच्या सौम्य, मध्यम व तीव्र अशा पायऱ्या मानल्या जातात. संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास सर्वसाधारणपणे पंधरा ते वीस वर्षांचा असतो. मात्र एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या आणि उपचार न घेतलेल्या स्त्रीमध्ये तो पाच ते दहा वर्षांतही पूर्ण होऊ शकतो.

या दीर्घ कालावधीचा एक सामाजिक अर्थही आहे आणि तो स्पष्टपणे सांगितला पाहिजे. लैंगिक संबंध सुरू झालेल्या बहुसंख्य स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा या विषाणूचा संसर्ग होतो, तो त्वचेच्या निकट स्पर्शाने पसरत असल्यामुळे निरोधाने धोका कमी होतो पण पूर्णपणे टळत नाही, आणि आज सापडलेला विषाणू शरीरात कित्येक वर्षांपूर्वी आलेला असू शकतो. त्यामुळे अहवालावरून पतीच्या किंवा पत्नीच्या चारित्र्याविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. हे वाक्य अहवाल हाती देताना डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने आवर्जून उच्चारले, तर गरोदर स्त्रीची एका निराधार संशयाच्या जाचातून सुटका होते.

गरोदरपणाने होणारे फरक

गरोदरपणात इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावाने गर्भाशयमुख मोठे व मऊ होते, त्यातील रक्तपुरवठा वाढतो आणि आतल्या नळीतील नाजूक अस्तर बाहेरच्या बाजूस उलगडते. रूपांतर क्षेत्र अशा रीतीने उघडे पडते, तेथे पेशींचे रूपांतर वेगाने होते आणि किंचित स्पर्शानेही रक्त येऊ शकते. त्याच काळात, अर्धे जनुकीय द्रव्य पित्याकडून आलेला गर्भ आईच्या शरीराने स्वीकारावा म्हणून तिच्या प्रतिकारव्यवस्थेत काही जुळवणूक होते. या बदलांमुळे विषाणूचे अस्तित्व अधिक ठळक होऊ शकते, परंतु गरोदरपणामुळे कर्करोगपूर्व बदल झपाट्याने कर्करोगात बदलतात असे दिसून येत नाही. उलट प्रसूतीनंतर त्यांतील बऱ्याच बदलांची तीव्रता कमी झालेली आढळते.

सहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या, म्हणजे कमी जोखमीच्या प्रकारांनी होणाऱ्या जननेंद्रियांवरील चामखिळी मात्र गरोदरपणात वेगाने वाढू शकतात, ठिसूळ होतात आणि त्यांतून रक्त येते. त्या अतिशीत द्रव्याने गोठवणे किंवा त्यांवर ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल लावणे हे उपाय गरोदरपणात वापरता येतात. पोडोफायलिन, पोडोफायलोटॉक्सिन आणि इमिक्विमॉड ही एरवी वापरली जाणारी औषधे मात्र या काळात टाळली जातात. म्हणून चामखिळीवर औषधाच्या दुकानातून परस्पर मलम आणून लावणे गरोदर स्त्रीने कटाक्षाने टाळावे.

बाळाविषयीची चिंता बहुतेक वेळा अनाठायी असते. जन्माच्या वेळी बाळाच्या तोंडात किंवा त्वचेवर आईकडून आलेला विषाणू सापडू शकतो, पण तो बहुधा काही महिन्यांत नाहीसा होतो. क्वचित सहाव्या किंवा अकराव्या प्रकारामुळे बाळाच्या स्वरयंत्रात पुन्हा पुन्हा उगवणारे कोंब तयार होतात, आवाज घोगरा होतो आणि श्वासाला अडथळा येतो; हा आजार गंभीर असला तरी विरळ आहे, आणि शस्त्रक्रियेने प्रसूती केल्याने तो खात्रीने टळत नाही. त्यामुळे केवळ एचपीव्ही आहे म्हणून सिझेरियन करू नये, असेच मार्गदर्शन दिले जाते. चामखिळींनी प्रसूतीमार्गच अडला असेल किंवा मोठ्या रक्तस्रावाचा धोका असेल, तर गोष्ट वेगळी. स्तनपानालाही या संसर्गामुळे बाधा येत नाही. अकाली प्रसूतीशी या विषाणूचा संबंध आहे का, याचा अभ्यास सुरू आहे. कॅनडातील माँट्रियल येथे झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोळावा किंवा अठरावा प्रकार गरोदरपणभर टिकून राहिलेल्या स्त्रियांमध्ये असा संबंध आढळला, परंतु त्यावरून उपचारांची दिशा बदललेली नाही, कारण हा संसर्ग नाहीसा करणारे कोणतेही औषध आज उपलब्ध नाही.

तपासावे केव्हा, थांबावे केव्हा

गर्भाशयमुखावरील पेशी मऊ साधनाने अलगद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, म्हणजे पॅप चाचणी, गरोदरपणात करता येते. गर्भारपणातील काही नैसर्गिक पेशी बिघडलेल्या पेशींसारख्या दिसत असल्यामुळे नमुन्यासोबतच्या कागदावर स्त्री गरोदर असल्याचा आणि किती आठवडे झाले आहेत याचा स्पष्ट उल्लेख करणे आवश्यक असते, अन्यथा चुकीचा अहवाल येऊ शकतो. अहवाल गंभीर असेल तर भिंगाच्या साहाय्याने गर्भाशयमुखाचे निरीक्षण करतात, याला कॉल्पोस्कोपी म्हणतात, आणि तीही सुरक्षित असते. कर्करोगाची शंका आली तरच लहानसा तुकडा काढून तपासला जातो. आतल्या नळीतील अस्तर खरवडून काढणे मात्र गरोदरपणात निषिद्ध मानले जाते.

तीव्र कर्करोगपूर्व बदल सापडले तरी, कर्करोग नाही याची खात्री झाल्यावर, काही आठवड्यांच्या अंतराने निरीक्षण करून उपचार प्रसूतीनंतरच केले जातात. यामागचे कारण साधे आहे: बिघडलेला भाग गोठवणे, विद्युत तारेने कापणे किंवा शंकूच्या आकारात काढणे या क्रियांमुळे गरोदरपणात मोठा रक्तस्राव, गर्भपात किंवा अकाली प्रसूती होऊ शकते, आणि काही महिने थांबल्याने सहसा काहीही बिघडत नाही. प्रसूतीनंतर गर्भाशयमुख पूर्ववत होण्यास वेळ लागत असल्यामुळे फेरतपासणीही काही आठवड्यांनी केली जाते.

थांबण्याच्या या सल्ल्याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. गरोदर स्त्रीच्या अंगावर लाल जात असेल, संबंधानंतर रक्त येत असेल किंवा दुर्गंधीयुक्त स्राव असेल, तर त्याचा दोष गरोदरपणाला देऊन गप्प बसणे घातक ठरू शकते. अशा वेळी आधी सोनोग्राफीने वार खाली सरकलेली नाही ना हे पाहून, रुग्णालयात स्पेक्युलम या उघडणाऱ्या उपकरणाने गर्भाशयमुख प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले गेले पाहिजे. गरोदरपणात कर्करोग सापडणे विरळ असते, पण तो सापडलाच तर गर्भाचे आठवडे, गाठीचा आकार आणि स्त्रीची स्वतःची इच्छा या तिन्हींचा विचार करून निर्णय घेतला जातो. पहिले तीन महिने उलटल्यानंतर विशिष्ट केमोथेरपी देऊन बाळ वाढू देणे काही स्त्रियांना शक्य होते, आणि गाठ दिसत असेल तर प्रसूती शस्त्रक्रियेने केली जाते. हा निर्णय तालुक्याच्या पातळीवर घेण्याचा नसून यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि पुढे सेवाग्राम किंवा नागपूर येथील कर्करोगतज्ज्ञांपर्यंत रुग्ण वेळेत पोहोचवण्याचा असतो.

महाराष्ट्राने जगाला दिलेला पुरावा

या कर्करोगाला वेळीच रोखता येते याचा अत्यंत भक्कम पुरावा महाराष्ट्रातील खेड्यांतूनच आला आहे. बार्शी येथे १९८७ मध्ये ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदवही सुरू झाली, आणि त्याच बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्यासह, १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा प्रयोग केला. खेड्यांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांची चार भागांत विभागणी करण्यात आली: एका भागातील स्त्रियांना एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप चाचणी, तिसऱ्यात सौम्य ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी, तर चौथ्या भागातील स्त्रियांना नेहमीचीच आरोग्यसेवा देण्यात आली. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या भागात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते, तर तुलनेच्या भागात ६४, म्हणजे मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. तुलनेच्या भागातील स्त्रियांना तपासणी न देण्याच्या नैतिकतेवर पुढे गंभीर आक्षेप घेतले गेले, आणि ते विसरून चालणार नाही. ज्या पुराव्यासाठी काही स्त्रियांनी असे मोल दिले, त्याचा उपयोग राज्यातील प्रत्येक स्त्रीला करून देण्याचे उत्तरदायित्व त्यामुळे अधिकच वाढते.

मुंबईतील वस्त्यांमध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली १९९८ पासून केलेल्या दुसऱ्या प्रयोगात सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश होता. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी, ज्या डॉक्टर नव्हत्या, ॲसेटिक आम्लाच्या तपासणीच्या चार फेऱ्या पार पाडल्या, आणि त्यातून मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले. आम्ल लावल्यानंतर सुमारे एका मिनिटात बिघडलेला भाग पांढरा दिसतो, एवढ्या साध्या तत्त्वावर ही तपासणी उभी आहे, आणि राष्ट्रीय कार्यक्रमातही ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी ती दर पाच वर्षांनी सुचवलेली आहे. गरोदर स्त्रीसाठी मात्र ही नेमाची तपासणी साधारणतः प्रसूतीनंतर केली जाते, कारण फुगलेल्या, उलगडलेल्या गर्भाशयमुखावर नुसत्या डोळ्यांचा अंदाज फसू शकतो.

लसीच्या बाबतीतही पुराव्याचा काही भाग महाराष्ट्रातून आला. भारतात २००९ मध्ये सुरू झालेल्या आणि बार्शी, पुणे व मुंबई याही केंद्रांचा समावेश असलेल्या अभ्यासात दोन व तीन मात्रांची तुलना करायची होती. २०१० मध्ये शासनाने एचपीव्ही लसीचे प्रयोग थांबवल्यामुळे हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली, आणि त्यांचा पाठपुरावा करताना सोळाव्या व अठराव्या प्रकाराच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एकाच मात्रेने ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळाल्याचे २०२१ मध्ये दिसून आले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हावॅक या भारतीय लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. या लसीत विषाणूचे फक्त बाह्य कवच असते, जनुकीय द्रव्य नसते, त्यामुळे तिच्यातून संसर्ग होऊ शकत नाही; तरीही गरोदरपणात ही लस देण्याची शिफारस नाही. नकळत एखादी मात्रा दिली गेली तर घाबरण्याचे किंवा गर्भपाताचे कारण नसते, उरलेल्या मात्रा प्रसूतीनंतर द्याव्यात इतकेच. लस आधीचा संसर्ग नाहीसा करत नाही, म्हणून तिचे उत्तम वय ९ ते १४ वर्षे हे आहे.

एक गरोदरपण आणि तीन पिढ्या

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती रुग्णालयांत होतात. त्याच सर्वेक्षणात देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्यांचे प्रमाण दोन टक्क्यांच्याही आत होते. बाळासाठी रुग्णालयाच्या दारापर्यंत येणारी स्त्री स्वतःसाठी मात्र येत नाही, किंवा आल्यावर तिला कोणी त्याविषयी विचारत नाही, हे या दोन आकड्यांतील अंतर सांगते.

नेर तालुक्यात गरोदर स्त्रीसोबत रुग्णालयात सहसा तिची आई, सासू किंवा जाऊ आलेली असते. कापूस वेचणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून आलेली ही चाळिशी-पन्नाशीतील स्त्रीच खऱ्या अर्थाने तपासणीच्या वयात असते. वर्षानुवर्षे अंगावरून पांढरे जाणे, पाळी गेल्यानंतर पुन्हा डाग दिसणे या तक्रारी ती बाईपणाचा भोग म्हणून सोसत राहते. विशीतील गरोदर मुलीला बहुधा नुसत्या माहितीची आणि वयाच्या तिसाव्या वर्षी करायच्या तपासणीच्या आठवणीची गरज असते, आणि घरी असलेल्या धाकट्या बहिणीला किंवा पुतणीला लसीची. म्हणजे एका गरोदरपणाच्या निमित्ताने एका घरातील तीन पिढ्यांसाठी तीन वेगवेगळी कामे एकाच वेळी सुरू करता येतात, आणि त्यासाठी नवी योजना उभारावी लागत नाही: दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर स्त्रिया येतातच, त्यांच्यासोबतच्या स्त्रियांची तपासणी त्याच दिवशी शेजारच्या खोलीत करता येईल.

ज्या गरोदर स्त्रीच्या अहवालात दोष आढळला आहे तिच्या बाबतीत खरा धोका प्रसूतीनंतर सुरू होतो. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीमुळे नोंदणी सासरच्या गावी आणि प्रसूती दुसऱ्याच तालुक्यात किंवा जिल्ह्यात होते, काही कुटुंबे कामासाठी हंगामी स्थलांतर करतात, अहवालाचा कागद हरवतो, आणि तान्ह्या बाळाच्या धांदलीत आईची फेरतपासणी मागे पडते. यावर उपाय असा की फेरतपासणीची तारीख आईच्या स्वतंत्र कागदावर न लिहिता माता-बाल संरक्षण कार्डावरच, बाळाच्या सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसींच्या रकान्यांशेजारी लिहावी. बाळाच्या लसीची तारीख आशा ताई विसरत नाही आणि आईही विसरत नाही. त्याच दिवशी आईचीही तपासणी व्हावी किंवा तिला यवतमाळला पाठवण्याची चिठ्ठी मिळावी. माहेरी गेलेल्या स्त्रीबरोबर हे कार्ड जातेच, त्यामुळे दुसऱ्या गावच्या परिचारिकेलाही तिचा पूर्वेतिहास एका दृष्टिक्षेपात कळतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ठरवलेले उद्दिष्ट असे आहे की २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत लस मिळावी, ७० टक्के स्त्रियांची वयाच्या ३५ आणि ४५ व्या वर्षी खात्रीशीर चाचणी व्हावी आणि दोष आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांना उपचार मिळावेत. या उद्दिष्टाचे यश तालुक्याच्या रुग्णालयातील एका पडद्याआडच्या खोलीवर, चांगल्या दिव्यावर, स्वच्छ स्पेक्युलमवर, प्रशिक्षित परिचारिकेवर आणि नोंदवहीतील एका वाढीव रकान्यावर अवलंबून आहे. गरोदरपणात विषाणूवर तातडीने उपचार करण्याची गरज बहुतेकदा नसते, आणि हे शास्त्राने दिलेले मोठे आश्वासन आहे. परंतु हे आश्वासन खरे ठरते ते, स्त्रीला थांबायला सांगणारी व्यवस्था ठरलेल्या तारखेला तिला नावाने परत बोलावते तेव्हाच. नेरच्या ग्रामीण रुग्णालयापासून राज्याच्या आरोग्य विभागापर्यंत सर्वांनी ही एक जबाबदारी पाळली, तर बार्शी आणि धाराशिवच्या स्त्रियांनी जगाला दिलेला पुरावा विदर्भातील त्यांच्या बहिणींच्याही उपयोगी पडेल.